बांध दुरुस्त करा, पण मेर हलवू नका

वर्षानुवर्षे राहत्या घरातील वस्तूंच्या जागा माणूस डोळ्यांनी शोधीत नाही. त्या त्याच्या हातांना ठाऊक असतात. पाण्याचा माठ कोणत्या कोपऱ्यात आहे, दिव्याचे बटण कोठे आहे, देव्हाऱ्याजवळची काड्यापेटी कोणत्या फळीवर आहे, हे आठवावे लागत नाही. अशा घरात रात्री कोणी येऊन सर्व वस्तू त्याच्या मते अधिक सोयीच्या जागी मांडून गेला, तर सकाळी उठलेला घरधनी त्याचे आभार मानील की चोर शिरला म्हणून शेजाऱ्यांस हाका मारील? संगणकावर व भ्रमणध्वनीवर आंतरजालाची पाने उघडून दाखविणारा जो ब्राउझर नावाचा कार्यक्रम आहे, त्याच्या बाबतीत कोट्यवधी लोकांस हा अनुभव आता नेमाने येऊ लागला आहे. रात्री यंत्र बंद करताना जे बटण डावीकडे होते ते सकाळी उजवीकडे असते, किंवा मुळीच नसते. ते का हलले, कोणी हलविले आणि परत जागेवर कसे आणावे, हे विचारावयास समोर कोणी माणूस नसतो.

हा विषय अग्रलेखाचा आहे काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. आमच्या मते तो आहे. कारण ब्राउझर ही आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. बँकेचे खाते, निवृत्तिवेतनाचा तपशील, विजेचे बिल, रेल्वेचे आरक्षण, इस्पितळाची वेळ, परदेशी असलेल्या मुलाचे पत्र, या साऱ्यांचा उंबरठा तोच आहे. उंबरठ्याची उंची रातोरात बदलली तर ठेच लागते, आणि ती तरुणांपेक्षा वृद्धांस अधिक लागते.

दाखल्यासाठी आम्ही वाचकांस थोडे दूर, माळव्यात नेऊ इच्छितो. इंदूर शहराच्या पश्चिमेस, अन्नपूर्णा मंदिर आणि फुटी कोठी यांच्या परिसरात सुदामा नगर नावाची मोठी वसाहत आहे. होळकरांच्या काळापासून इंदुरात स्थिरावलेल्या मराठी समाजाची घरे तेथे आहेत. मराठी साहित्य संमेलन १९१७, १९३५ आणि २००१ असे तीन वेळा ज्या शहराने भरविले, त्या शहरातील ही वसाहत. संगणकाच्या बाबतीतही हे शहर मागासलेले नाही. 'वेबदुनिया' हे हिंदीतील आरंभीचे संकेतस्थळ १९९९ मध्ये इंदुरातूनच सुरू झाले आणि पुढे त्याची मराठी आवृत्तीही निघाली. अशा वसाहतीतील एखादे निवृत्त मराठी दांपत्य डोळ्यांसमोर आणावे. मुले शिकून पुण्यास, बंगळुरास किंवा समुद्रापलीकडे गेलेली. ती दिवाळीत घरी येतात, बाबांना यंत्र शिकवितात, आणि बाबा ते वहीत क्रमवार लिहून ठेवतात : प्रथम हे चिन्ह दाबावे, मग उजवीकडील तीन रेघा, मग तिसरी ओळ. या वहीच्या आधारावर अवंतिका एक्सप्रेसचे मुंबईपर्यंतचे आरक्षण होते, बँकेचे व्याज पाहिले जाते आणि घर चालते. फोंड्यात, म्हापशात, मडगावातही अशी घरे थोडी नाहीत. मुले आखातात वा इंग्लंडात आणि वही इथे, एवढाच काय तो फरक. ब्राउझरचे रूप बदलले की या वहीची पानेच्या पाने एका रात्रीत रद्द होतात. मग मुलाला दूरध्वनी होतो. "बाबा, अपडेट झालंय, तिथेच कुठेतरी असेल, नीट बघा ना," एवढे सांगून तो कामाला लागतो. बाबा नीट पाहतात. पण जे तेथे नाही ते दिसणार कसे?

ही गोष्ट एखाद्या वेळेची असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. वस्तुस्थिती अशी की, हे सत्र दीर्घकाळ चालू आहे. मोझिला संस्थेचा फायरफॉक्स हा ब्राउझर घ्या. २०११ पर्यंत त्याच्या मोठ्या आवृत्त्या सावकाश निघत. त्या वर्षी दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढण्याचा क्रम सुरू झाला आणि २०२० पासून तो चार आठवड्यांवर आला. एप्रिल २०१४ मधील एकोणतिसाव्या आवृत्तीने टॅबांस गोलाकार केले आणि खालची पट्टी काढून टाकली. जुने रूप परत आणून देणारा एक जोडकार्यक्रम एका बाहेरच्या कारागिराने तयार केला आणि पुष्कळांनी त्याचा आश्रय घेतला. परंतु नोव्हेंबर २०१७ मधील सत्तावन्नाव्या आवृत्तीने जुन्या घडणीचे सारेच जोडकार्यक्रम बंद पाडले, त्यात तोही गेला. जून २०२१ मधील एकोणनव्वदाव्या आवृत्तीने टॅब पट्टीपासून सुटे केले, मेनूतील चिन्हे पुसली, आणि लहान पडद्यावर उपयोगी पडणारी आटोपशीर मांडणी पसंतीच्या यादीतून लपविली. जाणकारांनी आतल्या गुप्त कळा फिरवून काही दिवस जुने रूप टिकविले. पुढील आवृत्त्यांत त्या कळाही काढून घेण्यात आल्या. एका दशकाच्या आत तीन वेळा घराची मांडणी बदलली, आणि घरात राहणाऱ्यास एकदाही आधी विचारले गेले नाही.

गूगलच्या क्रोमची कथा अधिक विचार करावयास लावणारी आहे. पत्त्याच्या पट्टीत डाव्या टोकास जे लहानसे कुलूप दिसे, ते आमच्या वाचकांस आठवत असेल. बँकांच्या सूचनापत्रकांनी आणि सायबर सुरक्षेच्या व्याख्यानांनी ज्येष्ठ नागरिकांस वर्षानुवर्षे एकच धडा दिला : कुलूप दिसल्याशिवाय पासवर्ड टाकू नका. सुदामा नगरातील त्या वहीतही तो ठळक अक्षरांत लिहिलेला असणार. सप्टेंबर २०२३ मधील एकशे सतराव्या आवृत्तीपासून संगणकावरील क्रोमने ते कुलूप काढले आणि त्या जागी दोन आडव्या दांड्यांवर दोन मणी असावेत असे, फेरफाराच्या पर्यायांचे चिन्ह बसविले. बँकेचे पान उघडले आणि कुलूप नाहीसे झालेले दिसले, तर शिकविलेला धडा मनापासून पाळणाऱ्या माणसाने काय समजावे? ज्याने ऐकले नाही तो बेफिकीर राहिला आणि ज्याने ऐकले तोच घाबरला, असा हा उलटा न्याय झाला.

येथे न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कुलूप काढण्यामागील कारण पोरकट नव्हते. ते कुलूप 'हे संकेतस्थळ प्रामाणिक आहे' असे मुळीच सांगत नसे. 'वाटेत कोणी तुमचा मजकूर वाचू शकत नाही' एवढेच सांगे. चोराच्या घराच्या दारालाही कुलूप असू शकते, आणि लोकांस फसविणारी संकेतस्थळेही ते मिरवू लागली होती. गूगलने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत त्या चिन्हाचा नेमका अर्थ केवळ ११ टक्के लोकांस सांगता आला. तेव्हा चिन्ह बदलण्यात शहाणपण होते, हे आम्ही मान्य करतो. पण ज्या चिन्हाचा अर्थ शंभरांतील एकोणनव्वद जणांस चुकीचा कळला होता, ते बदलताना त्यांना चार ओळींत समजावून सांगण्याचे कर्तव्य उत्पादकाचे नव्हते काय? तंत्रज्ञांच्या इंग्रजी निवेदनांत ते कारण महिन्यांपूर्वी प्रसिद्ध झाले होते. माळव्यातील निवृत्त गृहस्थ अथवा डिचोलीतील शिक्षिका ती निवेदने वाचीत नसतात. त्यांच्या पडद्यावर, त्यांच्या भाषेत, बदल होण्यापूर्वी एक सूचना झळकली असती, तर निम्मा त्रास वाचला असता.

त्याच सप्टेंबर महिन्यातील दुसरी घटना या प्रश्नाचे मर्म उघड करते. चित्रे उघडून दाखविण्याच्या एका सामायिक भागात एक गंभीर छिद्र सापडले होते आणि हल्लेखोर त्याचा प्रत्यक्ष उपयोग करू लागले होते. क्रोमने ११ सप्टेंबर २०२३ रोजी आणि फायरफॉक्सने दुसऱ्या दिवशी तातडीची दुरुस्ती पाठविली. ती दुरुस्ती ज्यांच्या यंत्रावर न विचारता, झोपेत असताना बसली, त्यांचे भलेच झाले. अशा कामात मालकाची परवानगी मागत बसणे म्हणजे आग लागलेल्या घरापुढे अर्ज लिहीत बसणे होय. आमची तक्रार या दुरुस्तीविषयी नाही. तक्रार अशी की, ही दुरुस्ती आणि कुलूप हलविणारे नवे रूप एकाच वाटेने, एकाच नावाने येतात. ज्याला आपली ओळखीची मांडणी हवी, त्याने अपडेट थांबवावे तर छिद्र उघडे राहते. छिद्र बुजवावयाचे तर मांडणीवर पाणी सोडावे लागते. औषधाच्या पुडीबरोबर दुकानदाराची जुनाट तसबीरही घरी नेलीच पाहिजे, अशी ही सक्ती आहे.

आमच्या गोव्यात हा भेद शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. खाजन शेतीचा बांध भरतीच्या वेळी फुटला, तर तो बुजविण्यासाठी कोणी घरोघरी संमती मागत फिरत नाही; खारे पाणी शेतात शिरले तर सर्वांचेच पीक जाते, हे सर्वांस ठाऊक असते. मानशीची दारे दुरुस्त करणाऱ्याचे सारा गाव आभार मानतो. परंतु बांध बुजविण्याच्या निमित्ताने आलेल्या माणसाने जाता जाता दोन शेतांमधील मेर हलविली, तर मात्र गाव गप्प राहणार नाही. बांध ही सर्वांच्या रक्षणाची बाब आहे. मेर ही ज्याच्या त्याच्या हक्काची. ब्राउझर बनविणाऱ्यांनी हा साधा विवेक सोडला आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हा विवेक सुटल्याचा परिणाम केवळ गैरसोयीपुरता राहत नाही. रूपे वारंवार आणि अकारण बदलू लागली की लोकांचे दोन वर्ग होतात. एक वर्ग कंटाळून अपडेटच बंद करून टाकतो आणि आपले यंत्र हल्लेखोरांस मोकळे ठेवतो. दुसरा वर्ग नव्या रूपाला इतका सरावतो की कोणतीही अनोळखी खिडकी त्याला खरी वाटू लागते. 'आपला ब्राउझर जुना झाला आहे, येथे दाबा' असे सांगणारी बनावट खिडकी दाखवून यंत्रात विषारी कार्यक्रम घुसविणे हा भामट्यांचा अनेक वर्षांचा धंदा आहे. खरा सुतार जर न सांगता, न विचारता, रात्री-अपरात्री घरात येऊ लागला, तर सुताराचा वेष घेतलेल्या चोरास कोण अडविणार? सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक सरकारने दिला आहे. पण फसवणुकीची भूमी जेथे नांगरली जाते, तेथे कोणाचे लक्ष आहे?

काही तरुण वाचक म्हणतील की, जग बदलते, माणसाने बदलले पाहिजे; म्हाताऱ्यांची कुरकुर ऐकत बसलो तर प्रगती कशी व्हावी? या देशाने बदल पाहिले नाहीत असे नाही. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. बाजारातील प्रत्येक स्त्री-पुरुषाचा जन्माचा हिशेब त्या दिवशी बदलला. परंतु तो दिवस आधी जाहीर झाला होता, रूपांतराची कोष्टके छापली गेली, जुनी नाणी काही काळ नव्यांबरोबर चालली, आणि नाण्यावरील 'नवा' हा शब्दही १९६४ पर्यंत लोकांस आठवण देत राहिला. गोव्याने तर १९६१ च्या मुक्तीनंतर एस्कुदो सोडून रुपया हाती घेतला. मराठी शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये बदलले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली; त्यांवर वर्तमानपत्रांतून किती शाई सांडली याला सुमार नाही. पण जुने अनुस्वार देऊन लिहिणाऱ्या आजोबांच्या हातातून कोणी टाक हिसकावून घेतला नाही, की त्यांचे पत्र टपालखात्याने परत पाठविले नाही. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ठरविली, तीही लेखी निर्णय प्रसिद्ध करून, कारणे देऊन. बदलाला आमचा विरोध कधीच नव्हता. पूर्वसूचना, कारण आणि सवड या तीन गोष्टी बदलाबरोबर आल्या पाहिजेत, हा आपल्या सार्वजनिक व्यवहाराचा जुना संकेत आहे.

संगणकाच्या दुनियेला असा संकेत पाळता येत नाही, असेही नव्हे. देवनागरी अक्षरे जगातील सर्व यंत्रांवर सारखी उमटावीत म्हणून १९९१ मध्ये युनिकोड या प्रमाणात त्यांना क्रमांक देण्यात आले. त्यानंतर त्यात हजारो नवी अक्षरे आली. पण आमच्या 'क'ला जी जागा तेव्हा मिळाली, तीच आजही आहे. एकदा दिलेली जागा हलविणार नाही किंवा काढून घेणार नाही, असा त्या संस्थेचा जाहीर नियम आहे. त्या एका वचनामुळे जुनी पत्रे आजही वाचता येतात. ज्या अभियंत्यांच्या जगाने अक्षरांना हे अभय दिले, त्याने माणसांच्या हातांना ते देऊ नये, हे नवल आहे.

मांडणीच्या बाबतीतही लोकांचे ऐकल्याचे दाखले आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१२ मधील विंडोज ८ मधून 'स्टार्ट'चे बटण काढले. लोकांनी इतका गहजब केला की पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये ते परत आणावे लागले. ॲपलने २०२१ मध्ये आयफोनवरील सफारीची पत्त्याची पट्टी वरून खाली आणली. चाचणीच्या काळातच तक्रारी झाल्या, तेव्हा पट्टी वर ठेवावी की खाली, हे ठरविण्याचा पर्याय मालकाच्या हाती देण्यात आला. कोणाचे काय बिघडले? खुद्द मोझिलाने २०१२ मध्ये कार्यालये आणि विद्यापीठे यांच्या गाऱ्हाण्यावरून दीर्घकालीन आधाराची एक वेगळी आवृत्ती काढली. तिच्यात सुरक्षेची दुरुस्ती वेळच्या वेळी येते, मांडणी मात्र सुमारे वर्षभर तशीच राहते. म्हणजे आम्ही मागतो ती गोष्ट अशक्य नाही. ती आधीच बनविलेली आहे. ती प्रामुख्याने मोठ्या संस्थांसमोर ठेवली जाते, आणि सामान्य गृहस्थास तिचे नावही ठाऊक नसते. हजार यंत्रांच्या कार्यालयाला जी स्थिरता हवी, ती एकाच यंत्रावर सारा संसार टाकलेल्या वृद्धाला अधिक हवी, हे कोणालाही पटावे.

यात दृष्टिहीन बांधवांचा विचार तर फारच थोडा होतो. पडद्यावरचा मजकूर यंत्राकडून ऐकून घेणारा माणूस बटणांचा क्रम पाठ करून चालतो. त्याच्या दृष्टीने मेनूतील एक ओळ वरखाली होणे म्हणजे जिन्याची एक पायरी नाहीशी होणे होय.

मग उपाय काय? आमच्या मते तीन साध्या अटी पुरेशा आहेत. सुरक्षेची दुरुस्ती आणि रूपातील बदल यांच्या वाटा वेगळ्या असाव्यात. पहिली आपोआप यावी, दुसरी विचारून यावी. रूप बदलण्यापूर्वी वापरणाऱ्याच्या भाषेत, त्याच्याच पडद्यावर, काय बदलणार आणि का, हे सांगितले जावे. आणि जुनी मांडणी किमान एक वर्ष सर्वांस दिसेल अशा जागी, एका बटणावर उपलब्ध असावी. जाणकारांच्या गुप्त कळांमागे नव्हे.

या अटी परदेशी कंपन्यांपुढे मांडण्याचे बळ एकट्या ग्राहकात नाही, सरकारात आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय ब्राउझर घडविण्याची स्पर्धा जाहीर केली, तिच्यासाठी ३ कोटी ४१ लाख रुपयांची तरतूद केली, आणि मार्च २०२५ मध्ये झोहो या भारतीय कंपनीस पहिले पारितोषिक दिले. स्वदेशी ब्राउझर हवा तो केवळ देशाभिमानासाठी नव्हे. माहिती देशात राहावी, भारतीय भाषा नीट चालाव्यात, हे हेतू योग्यच आहेत. त्यांत एक भर घालावी : भारतीय माणसाच्या सवयीचा मान राखावा. स्वदेशी ब्राउझरनेही दर महिन्यास घराची उलथापालथ चालविली, तर त्याचे स्वदेशीपण सुदामा नगरातील वहीला काय उपयोगाचे? सरकारी कार्यालयांतून, शाळांतून आणि बँकांतून जो ब्राउझर वापरावयाचा, त्याने या तीन अटी पाळल्या पाहिजेत, असा नियम केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी खात्यास सहज करता येईल. एवढी मोठी बाजारपेठ ज्या देशाजवळ आहे, त्याने विनवणीच्या सुरात बोलण्याचे कारण नाही.

तोपर्यंत घरोघरच्या मुलामुलींस आमचे एक सांगणे आहे. आईवडिलांच्या यंत्रावरील अपडेट बंद करून देण्याचा सोपा मार्ग पत्करू नका. त्याने मेर वाचेल, पण बांध फुटेल. जेथे दीर्घकालीन आवृत्ती मिळते तेथे ती बसवून द्या. कुलूप गेले आहे, त्या जागी काय आले आहे आणि पत्ता अक्षर न् अक्षर कसा वाचावा, हे त्यांच्याजवळ बसून सांगा. आणि "तिथेच असेल, बघा" असे म्हणण्यापूर्वी ते खरोखर तेथे आहे की नाही, हे एकदा स्वतः पाहा.